एकाच रांगेत बसून गुण मात्र वेगळे

विमानात शेजारी बसलेल्या दोघांच्या तिकिटांवर भाडेवर्गाची अक्षरं वेगळी असू शकतात. विमान कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठीच्या योजनेत गोल्ड किंवा सिल्व्हर दर्जाकडे कोण लवकर पोचणार, हे बरंचसं त्या अक्षरावर ठरतं. फुकट तिकिटासाठीचे माइल्स आणि दर्जासाठीचे गुण ही दोन वेगळी खाती आहेत. लाउंज, जादा सामान, चेक-इनची वेगळी रांग मिळते ती दुसऱ्या खात्यामुळे आणि ते सहसा दरवर्षी शून्यावर येतं.

ब्रिटिश एअरवेज 31 मार्च 2025पर्यंत अंतर आणि वर्ग पाहून गुण देई, किंमत पाहून नव्हे. त्यामुळे लंडनचे चाणाक्ष प्रवासी सेलमध्ये बल्गेरियातल्या सोफियाचं बिझनेस क्लासचं तिकीट काढत. पॅरिसला एका बाजूचे 40 गुण, सोफियाला 80! सिल्व्हरला 600 पुरत. (सोफिया बघायला किती जण थांबत, हा वेगळा प्रश्न.) आता भाड्याच्या एका पौंडाला एक गुण, सरकारी कर वगळून, आणि सिल्व्हरला 7,500. म्हणजे स्वस्तात गुण गोळा करायची सोय जवळपास बंद.

फट उरली आहे ती भागीदार कंपन्यांत. त्यांच्यापैकी अनेकींच्या उड्डाणांवर अजून अंतर आणि भाडेवर्ग पाहूनच गुण मिळतात. तिथे सर्वांत स्वस्त इकॉनॉमी भाडं फसवं ठरू शकतं, कारण त्यावर अंतराचा जेमतेम काही टक्के हिस्सा पदरी पडतो. थोड्या जास्त पैशांत वरचा भाडेवर्ग मिळत असेल, तर पैसे भरण्याआधी कंपनीचा गुणतक्ता उघडून हिशेब करावा. प्रवास मुळातच करायचा असेल तरच.