मोटारीची निगा आणि मालकाची जबाबदारी

मोटार विकत घेताना माणूस दहा जणांचा सल्ला घेतो. रंग कोणता घ्यावा, लिटरला किती चालेल, महिन्याचा हप्ता किती बसेल, याची चर्चा घरात महिनाभर चालते. मग मोटार दारात येते, तिला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात आणि चर्चा संपते. यानंतर तिच्याविषयी पुन्हा विचार होतो तो ती रस्त्यात बंद पडते तेव्हा. या दोन प्रसंगांच्या मधला जो काळ, त्यात मालकाने काय करावयाचे, हा आजचा विषय आहे.

मी इंजिनिअर नाही. कामगार चळवळीत हयात गेली आणि गॅरेजांतील मिस्त्र्यांत नि ड्रायव्हरांत वावरता वावरता जे कानावर पडले, त्याचा ताळा पुस्तकांशी घालत गेलो. त्या शिदोरीवर हे सांगत आहे.

आरंभी कायद्याची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॅक्सी, बस, ट्रक ही जी धंद्याची वाहने, त्यांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी वाहन तपासणीला न्यावे लागते. त्याचे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग पाहिले जाते. आपल्या खासगी मोटारीचे तसे नाही. तिची नोंदणी एकदा झाली की ती १५ वर्षे चालते आणि त्या १५ वर्षांत तिचे ब्रेक पाहण्यास सरकारी माणूस सहसा येत नाही. आपण पीयूसी काढतो, परंतु त्या तपासणीत धूर मोजला जातो, टायर नव्हे. काचेवरचे कागद चोख आणि चाके गोटा झालेली, अशी मोटार म्हणूनच निर्वेधपणे रस्त्यावर फिरू शकते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची आठवण अनेकांना असेल. त्यातली शेवटची २००३ साली नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. मुंबईच्या गर्दीत, खाऱ्या हवेत आणि पावसाच्या पाण्यात इतकी वर्षे काढणारी ती गाडी काही लोखंडाच्या निराळ्या जातीची नव्हती. तिच्यावर कोणाचे तरी पोट होते आणि तिची तपासणी सुटत नव्हती, हे त्याचे कारण.

याच कायद्याचे १९० वे कलम मात्र आपल्या सर्वांना लागू आहे. वाहनात धोकादायक दोष असून ते चालवणारा, आणि ते चालवू देणारासुद्धा, त्या कलमाखाली दोषी ठरतो. दोष ठाऊक नव्हता, एवढे म्हणून सुटका होत नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो दोष ध्यानात आला असता, तोही त्यात धरला आहे. ही साधारण काळजी म्हणजे नेमके काय, हे आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट टायरची. मोटारीचा भार रबर उचलते असे आपल्याला वाटते. वास्तविक तो भार उचलते टायरमधली हवा. रबर आणि त्यातले धागे त्या हवेला कोंडून ठेवतात एवढेच. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाजवीपेक्षा अधिक वाकते आणि पुन्हा सरळ होते. तार हातात धरून वारंवार वाकवली तर ती जशी तापते, तसेच येथे होते. वेग जितका अधिक तितकी उष्णता अधिक, आणि ती साठत जाऊन रबराचे नि धाग्यांचे थर सुटतात. यालाच आपण टायर फुटला असे म्हणतो आणि दोष उन्हाला देतो. ऊन भर घालते हे खरे. पण बहुधा मूळ कारण कमी हवा, जादा ओझे किंवा जुना टायर हे असते. शहरात चाळीसच्या वेगाने हा दोष झाकून जातो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर किंवा नागपूरहून मुंबईकडे येणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तास-दोन तास एकसारख्या वेगाने गाडी हाकली म्हणजे तोच दोष जिवावर येतो.

म्हणून दर पंधरवड्याला हवा तपासावी, आणि ती टायर थंड असताना तपासावी. गाडी पळवून आणल्यावर हवा तापून दाब वाढलेला असतो. त्या वेळी काटा फसवतो. हवा किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरावयाचा नसतो. पंपावर नायट्रोजन भरण्याचा आग्रह होतो. त्यात अपाय काही नाही, परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहावी.

टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर कायद्याने बाद होतो. ती मोजण्यास यंत्र नको. नक्षीच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर बदलावा. झीज कशी झाली आहे तेही पाहावे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते आहे, मधला पट्टा झिजला तर जास्त राहते आहे, आणि एकच कड झिजली तर बहुधा अलाइनमेंट बिघडली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या असते. ती २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नवा म्हणून विकत घेतलेला टायर किती वर्षे दुकानात पडून होता, तेही त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेक मोटारीचा वेग गिळत नाही. तो वेगाची उष्णता करतो. ही उष्णता किती, याचा एक हिशेब करून पाहू. लोणावळ्याहून बोरघाटाने खोपोलीस उतरताना गाडी ५०० मीटरांहून अधिक खाली येते. माणसांसह १२०० किलोची मोटार ५०० मीटर उतरली, तर तेवढ्या उताराची जी शक्ती मोकळी होते, तिच्यात साधारण २० लिटर गार पाणी उकळीस येईल. गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून किंवा न्यूट्रल करून जो माणूस ब्रेकवर पाय देऊन घाट उतरतो, तो यातला मोठा भाग चार चाकांच्या ब्रेकवर टाकतो. खालच्या गिअरमध्ये उतरले तर इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक गार राहतात. जुने ट्रक ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा असे सांगतात, त्यातले मर्म हेच आहे.

आपण पायाने जे दाबतो ते बळ चाकापर्यंत नेते ब्रेक ऑइल. हे द्रव पदार्थाच्या रूपाने असते, आणि द्रव दाबला तरी आकसत नाही यावर सारी रचना उभी आहे. परंतु या ब्रेक ऑइलला एक खोड आहे: ते हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ४’ जातीचे नवे ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही अट १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले आणि असे जुने ऑइल उकळले की नळीत वाफ होते. वाफ मात्र दाबली की आकसते. मग पाय तळाला टेकतो आणि गाडी थांबत नाही. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीत हा दोष दिसत नाही. रोजच्या भाजीबाजाराच्या फेरीतही दिसत नाही. तो दिसतो नेमका घाटात. म्हणून गाडी किती चालली याकडे न पाहता साधारण दोन वर्षांनी, अथवा पुस्तिकेत जी मुदत असेल त्याप्रमाणे, ब्रेक ऑइल बदलावे. पातळी अचानक उतरली तर वरून भर घालून निघू नये. गळती कोठे आहे किंवा पॅड किती झिजले आहेत ते आधी पाहावे. ब्रेक लावताना किंचाळल्यासारखा बारीक आवाज येऊ लागला, तर अनेक गाड्यांत ती पॅड संपत आल्याची सूचना असते.

तिसरी गोष्ट इंजिन ऑइलची. इंजिनातले धातूचे भाग एकमेकांवर घासत नाहीत, तर तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. तो थर तुटला की काही क्षणांत हजारो रुपयांचे इंजिन निकामी होऊ शकते. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. नुसते काळे झाले म्हणून तेल वाईट झाले असे नव्हे; मळ अंगावर घेणे हे तेलाचे कामच आहे. परंतु ते दुधी दिसले तर पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. तेल बदलण्याची मुदत किलोमीटर आणि महिने अशी दुहेरी दिलेली असते. जी आधी भरेल ती धरावयाची. ‘माझी गाडी फार चालतच नाही’ असे म्हणणारे गृहस्थ येथे फसतात. दोन किलोमीटर जाऊन बंद होणारे इंजिन पुरते तापत नाही, आणि तेलात उतरलेली पाण्याची वाफ व न जळलेले पेट्रोल उडून जात नाही. आणि चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ असे म्हणू नये. बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कदापि उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते एकदम उसळते. तोंड आणि हात भाजलेले हेल्पर मी पाहिले आहेत. त्यात नळाचे पाणी न घालता गाडीला सांगितलेला कूलंट घालावा; तो विषारी आणि चवीला गोड असतो, म्हणून मुलांपासून नि जनावरांपासून दूर ठेवावा.

आपल्याकडे पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. मृग लागण्यापूर्वी वायपरचे रबर, सगळे दिवे आणि टायर पाहून घ्यावेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्यात गेल्या. अशा पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याची धडपड करू नये. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. भिजलेले इंजिन वाचू शकते; भिजल्यावर किल्ली फिरवलेले बहुधा वाचत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. त्यांना इंजिन ऑइल लागत नाही हे खरे. पण टायर, ब्रेक ऑइल, दिवे आणि वायपर त्यांनाही आहेत.

आता ज्यांच्या हातून ही कामे होतात त्यांच्याविषयी. कित्येक वर्षे ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे. ड्रम उघडून हवेच्या फवाऱ्याने धूळ उडवणे ही गॅरेजची जुनी रीत. ती धूळ मिस्त्र्याच्या छातीत जाते आणि तिचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात. ओल्या फडक्याने पुसण्यास दहा मिनिटे अधिक लागतात. ती दहा मिनिटे द्यावीत की नाही, हे मालकाच्या घाईवर ठरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणूस शिरतो तोही बहुधा घाईमुळेच. गाडी घोडीवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली कोणी जाऊ नये, मग तो मिस्त्री असो वा आपण स्वतः. जुने तेल गटारात आणि जुनी बॅटरी भंगारात जाऊ देऊ नये. तेलाने पाणी नासते, आणि बॅटरीतले शिसे फोडणाऱ्या मुलांच्या रक्तात उतरते. गॅरेज निवडताना दरपत्रकाबरोबर या गोष्टीही पाहाव्यात. काढलेला जुना भाग पाहण्यास मागावा, झालेले काम लिहून घ्यावे. प्रामाणिक मिस्त्र्याला त्याचा राग येत नाही.

पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्यांना एक वेगळे सांगणे आहे. ‘साहेब, ब्रेक सैल लागतो’ असे ड्रायव्हरने सांगितले आणि ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे आपण म्हटले, तर त्या महिन्याभराचा धोका आपण त्याच्या गळ्यात बांधला असे होते. अपघात झाल्यावर जमाव धरतो तो त्याला. १९० व्या कलमात ‘चालवू देणारा’ घातला आहे तो अशा मालकासाठी.

हे सर्व करण्यास पंधरवड्यातून अर्धा तास पुरतो. रविवारी सकाळी टायर, तेलाची पट्टी, ब्रेक ऑइल, कूलंट, दिवे आणि वायपर, एवढे पाहावे. गाडीबरोबर आलेली पुस्तिका एकदा संपूर्ण वाचावी आणि तिच्या शेवटच्या पानावर काय केले त्याची तारीख टाकावी. ज्या रस्त्यावरून आपली मोटार जाते त्याच रस्त्यावरून शाळेची मुले चालतात, सायकलवरून पहिल्या पाळीचा कामगार जातो. आपल्या मोटारीचे ब्रेक कसे आहेत हे त्यांना पाहता येत नाही. ते पाहण्याचे काम त्यांच्या वतीने आपल्याकडे आले आहे.