सहाशे सोळा

ऑक्सफर्डमधल्या एका पपायरसच्या तुकड्यावर तीन ग्रीक अक्षरं आहेत : खी, आयोटा, स्टिग्मा. ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे म्हणून वापरत, त्यामुळे हा झाला आकडा 616. मजकूर आहे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, ‘प्रकटीकरणा’च्या तेराव्या अध्यायाचा, श्वापदाच्या संख्येचा. म्हणजे जिथे जगभर 666 वाचलं जातं, नेमकी तीच जागा.

ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांनी 1896 ते 1907 या काळात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांतून असे लाखो तुकडे उकरून काढले. हा तुकडा 1999 मध्ये छापला गेला. तो साधारण इसवी सन 300 च्या सुमाराचा. त्याची बातमी वाचल्यापासून त्या मधल्या आयोटाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

या आकड्याबरोबर ख्रिस्तविरोधी आठवतो, पण ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि तिथे ख्रिस्तविरोधी एक नव्हे, पुष्कळ आहेत. त्याची श्वापदाशी आणि पौलाच्या ‘अधर्मी पुरुषा’शी सांगड घातली ती पुढच्या वाचकांनी. त्यांतला सर्वांत मोठा इरेनेयस, लिऑनचा बिशप. साधारण 180 च्या सुमारास त्याने पाखंडांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या पाचव्या भागात तो या 616 वर तुटून पडतो. जुन्या, चांगल्या प्रतींत 666 आहे, योहानाला प्रत्यक्ष पाहिलेले लोकही तेच सांगतात. साठाचं अक्षर नकलनवीसाच्या हातून ताणलं जाऊन दहाचं झालं, असं त्याचं म्हणणं. अजाणता चुकणाऱ्यांना तो क्षमा करतो, जाणूनबुजून आकडा बदलणाऱ्यांना नाही.

मग तो स्वतः नावं जुळवून बघतो : युआन्थस, लातेइनोस, तेइतान. तेइतानकडे त्याचा कल आहे. पण ठामपणे काही सांगायला तो नकार देतो. नाव आत्ताच कळायला हवं असतं तर दर्शन पाहणाऱ्यानेच ते सांगितलं असतं, असं तो म्हणतो. पुढे शतकानुशतकं ज्यांनी आपापल्या शत्रूच्या नावाची बेरीज 666 वर आणून बसवली, त्यांच्यापैकी किती जणांनी हे पान वाचलं असेल?

इरेनेयसच्या यादीत रोमन सम्राट नीरो नाही, आणि मला सर्वांत जास्त चटका लावते ती हीच गोष्ट. ‘नेरॉन कैसर’ हिब्रू लिपीत लिहा : नून 50, रेश 200, वाव 6, नून 50, कोफ 100, सामेख 60, रेश 200. बेरीज 666. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहा, शेवटचा नून गळतो, उरतात 616. दोन्ही पाठ एकाच माणसाकडे बोट दाखवतात. म्हणूनच 616 हा निव्वळ हस्तदोष होता, हे इरेनेयसचं मत मला पटत नाही. कुणीतरी कोडं ओळखून उत्तर आपल्या उच्चाराला जुळवून घेतलं असावं. लिऑनमध्ये ग्रीकात विचार करणाऱ्या बिशपापर्यंत मात्र ही किल्ली पोचली नाही. तो प्रकटीकरण सम्राट डोमिशियनच्या अखेरच्या काळातलं मानतो. म्हणजे शंभर वर्षंही झाली नव्हती.

यावर अभ्यासकांचा नेहमीचा आक्षेप असा, की ‘कैसर’मध्ये योद हे आणखी एक अक्षर हवं, मग बेरीज बिघडते. त्याला उत्तर मिळालं ते मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बातच्या गुहांत. तिथे एक अरामी कर्जरोखा सापडला. त्यावरचा काळ नीरो कैसराच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे इसवी सन 55-56. शाई झिजली आहे, पण ‘नेरॉन’ शेवटच्या नूनसकट लिहिलेलं आहे, आणि ‘कैसर’मध्ये योद नाही.