दहा तुकड्यांवर तोललेलं मंडळ

एक रुपयातला पीकविमा २०२५च्या खरिपात बंद झाला. स्थानिक आपत्तीची, काढणीपश्चात नुकसानीची वेगळी भरपाईही गेली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग: महसूल मंडळातले काही तुकडे कापून, तोलून काढलेली सरासरी. सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने रानं खरवडून नेली, आणि ज्याचं शेत वाहून गेलं त्याच्याही वाट्याला मंडळाची सरासरीच आली.

या प्रयोगाची कुळकथा जुनी. १९२०च्या दशकात हबॅक यांनी बिहार-ओरिसात भाताचे यादृच्छिक नमुने घेतले. पुढचं सारं सोडून मी थांबतो ते साताऱ्याकडच्या बुध गावच्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांपाशी. तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी १९४६ साली दाखवलं. असे तुकडे कितीही वाढवले तरी हा दोष जात नाही. तो एकाच बाजूला झुकलेला असतो.

२०१२, २०१५, २०१८. दुष्काळांचं ते दशक मी हर्सूलला मुलांना संख्याशास्त्र शिकवत काढलं. फुलंब्रीकडून येणारी शेतकऱ्यांची पोरं वर्गात असायची. समष्टी म्हणजे मंडळातला सगळा मका, नमुना म्हणजे त्यातले किमान दहा तुकडे, हे त्यांना लगेच उमगायचं. प्रमाण विचलन हेक्टरी ६ क्विंटल धरा. त्याला दहाच्या वर्गमूळाने भागा. सरासरीची प्रमाण त्रुटी आली सुमारे १.९ क्विंटल. म्हणजे उंबरठा उत्पन्नाच्या, ज्याखाली गेलं तरच भरपाई मिळते त्याच्या, जरा अलीकडे-पलीकडे असलेल्या मंडळाला भरपाई मिळणं न मिळणं निव्वळ योगायोगावर. त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग चाळीस हवेत.

ही त्रुटी तरी प्रामाणिक. गट नंबर यादृच्छिक आकड्यांवरून काढायचा, नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजून खुंटी ठोकायची, हा नियम. मी पाहिलं ते वेगळंच: जीप पोचेल ते शेत, सोयीचा कोपरा, कधी बसल्या जागी भरलेला तक्ता. रस्त्याकडेचं बागायती रान धरलं की सरासरी चढते आणि कोरडवाहूवाल्याचं नुकसान कागदावर उरत नाही. एका बैठकीत हे बोललो, तर मला पुस्तकी म्हणून गप्प केलं. तो अपमान अजून सलतो, आणि मी अजूनही पुस्तकाच्याच बाजूने आहे.

आता मोबाइलवर फोटोसह जागेची नोंद होते. पण ते शेत निवडलं कसं, हे फोटोत दिसत नाही. गट नंबरांची सोडत ग्रामपंचायतीत, सगळ्यांसमोर काढा, आणि ती तपासायला गावातल्या संख्याशास्त्राच्या पोरांना बोलवा.