धुराविना अग्नि

न्यायशास्त्र शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास आरंभींच जो डोंगर दाखविला जातो, त्यावर धूर असतो. धूर दिसतो म्हणून तेथें अग्नि असला पाहिजे, हें अनुमान तो घोकतो. थोडें पुढें गेल्यावर गुरुजी त्यास सावध करतात कीं, याचें उलट मात्र धरूं नकोस. धूर असेल तेथें अग्नि असतोच, पण अग्नि असेल तेथें धूर असेलच असें नाहीं. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हें त्याचें ठरीव उदाहरण. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें आणि आवड असलेल्या मुलांना घरीं बसवून अन्नंभट्टाचा तर्कसंग्रहही मीं सांगितला. तरी त्या गोळ्याचा अर्थ मला खऱ्या रीतीनें कळला तो निवृत्तीनंतर, स्वतःच्या ओसरीवर, शीतपेयाच्या एका रिकाम्या डब्यापुढें बसलों असतां.

गोष्ट अशी झाली. माझा थोरला नातू महाविद्यालयांत गेल्यापासून पावसाळा सरला कीं गडांवर जाऊं लागला. पहिल्यानें तो हरिश्चंद्रगडाहून परत आला, तेव्हां त्याच्या कपड्यांना धुराचा असा वास येत होता कीं, त्याच्या आजीनें ते न्हाणीच्या पुढें येऊं दिले नाहींत. तीन दगडांची चूल, दंवानें भिजलेल्या काटक्या, दीड तास फुंकून अखेर कच्चाच उतरलेला भात, ही सर्व हकीकत त्यानें मोठ्या प्रौढीनें सांगितली. मला मात्र तींत प्रौढी मिरविण्यासारखें कांहीं दिसेना. तो मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. राखीव जंगलांत मनाई असतां अग्नि पेटविणें १९२७ च्या वन-कायद्यानें गुन्हा आहे. अभयारण्यास धोका पोंचेल अशा रीतीनें विस्तव करणें अगर जळता सोडून जाणें १९७२ च्या वन्यजीव-कायद्यानें गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी मार्गशीर्षानंतर सह्याद्रीवरचें गवत कसें वाळतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला एका ठिणगीचें सामर्थ्य सांगावयास नको. आणि चौघांच्या एका भातासाठीं जी करवंदीची जाळी मोडली, ती पुन्हां फुटावयास किती पावसाळे लागतील?

"मग आम्ही उपाशी राहावें काय, आजोबा?" असें त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. पाचनई, खिरेश्वर अशा पायथ्याच्या गांवांतून पिठलें-भाकरी करून देणारीं घरें आहेत. मिळेल तेथें तीच खावी, गांवाला चार पैसे मिळतात आणि भाकरीही आपल्याहून चांगली असते. पण वरच्या गुहेजवळ, थंडीच्या पहांटे, चहापुरता विस्तव कोणालाही हवासा वाटेल.

विस्तवाचे पर्याय कांहीं कमी नाहींत. ज्या भरभर आवाज करणाऱ्या स्टोव्हवर आमच्या पिढीच्या आयांनीं संसार केले, तो १८९२ सालीं स्टॉकहोम येथें लिंडक्विस्ट यांनीं केलेल्या प्रायमसच्या वंशांतला. तो पाठीवर नेण्याजोगा नव्हे. पण तो पेटवितांना स्पिरिटांत भिजविलेला काकडा लागे, हें अनेक गृहिणींस आठवत असेल. केवळ त्या स्पिरिटावरच अन्न शिजविण्याची युक्ति स्वीडनमधील त्रांगिया या कारखान्यानें १९५१ सालापासून वाऱ्यालाही दाद न देणाऱ्या एका आटोपशीर संचांत बसविली. पुढें अमेरिकेंत अपालाचिअन पर्वतांतून साडेतीन हजार किलोमीटर चालत जाणाऱ्या लोकांनीं तेंच तत्त्व शीतपेयाच्या टाकून दिलेल्या डब्यांत उतरविलें. वजन तोळाभर, खर्च जवळजवळ नाहीं. हें वाचलें आणि मीं कातरी शोधावयास उठलों. स्पिरिटास जुन्या शास्त्रीय पुस्तकांत मद्यार्क म्हणत. तो शब्द मीं मोठ्यानें उच्चारतांच, "या घरांत मद्य आलें तें तुमच्या निवृत्तीनंतर," असा अभिप्राय स्वयंपाकघरांतून आला.

कृति सांगतों. ३३० मिलिलिटरचे, ६६ मिलिमीटर व्यासाचे अल्युमिनियमचे दोन रिकामे डबे घ्यावे. दाढीचें पातें एका लांकडी ठोकळ्यावर पक्कें बसवावें आणि डबा त्याला लावून फिरवावा, म्हणजे सरळ रेघ पडते व तेथून पत्रा अलगद सुटतो. एका डब्याचा बुडाकडचा साडेतीन सेंटिमीटरांचा भाग घ्यावा. ही खालची वाटी. दुसऱ्याच्या बुडाचा अडीच सेंटिमीटरांचा भाग उलटा करून वरची वाटी करावयाची. बुडाला जी गोल कडा असते, तिच्या आंतला मधला पत्रा कापून काढावा आणि कडेच्या बाहेरच्या अंगास टांचणीनें सारख्या अंतरावर सोळा भोंकें पाडावीं. आतां उरलेल्या पत्र्याची पट्टी कापून तिचें कडें करावें. तें दोन्ही वाट्यांच्या खोबणींत उभें बसलें पाहिजे. त्याची उंची चार सेंटिमीटरांच्या आसपास येते, परंतु जोडून पाहूनच नक्की करावी. या कड्याच्या खालच्या कांठाला तीन लहान खांचा ठेवण्यास विसरूं नये, कारण त्यांतूनच स्पिरिट मधल्या विहिरींतून बाहेरच्या पोकळींत जातें. शेवटीं वरची वाटी खालचींत दाबून बसवावी. दोहोंचा व्यास एकच असल्यामुळें तीं सहज बसत नाहींत. न उघडलेला भरलेला डबा खालच्या वाटींत जोरानें दाबला कीं तिचें तोंड किंचित् सैल होतें. माझे पहिले तीन प्रयत्न याच ठिकाणीं फाटले. पत्रा कागदासारखा पातळ, पण कांठ वस्तऱ्यासारखे. पॉलिशपेपरनें ते घासावे आणि हें काम लहान मुलांच्या हातीं देऊं नये.

चूल पेटविल्यावर प्रथम मधल्या विहिरींत नुसती ज्योत हालते. मिनिटभरानें अल्युमिनियम तापतें. मद्यार्क ७८ अंशांवरच उकळतो, म्हणून दोन भिंतींमधल्या स्पिरिटाची वाफ होऊं लागते, ती भोंकांतून बाहेर पडते आणि सोळा निळ्या कळ्या एकदम उमलतात. नळ नाहीं, पंप नाहीं, वात नाहीं. हें प्रथम पाहिलें तेव्हां मला लहान मुलासारखा आनंद झाला. आनंदाच्या भरांत मनुष्य काय विसरतो, हें आतां सांगावयाचें आहे.

दोन वर्षांपूर्वींची वैशाखांतली दुपार. ओसरीवर लख्ख ऊन. माझ्या धाकट्या भावाची अकरा वर्षांची नात समोर उकिडवी बसून पाहत होती. पाणी अजून उकळेना म्हणून मीं पातेलें उचललें. ज्योत दिसेना, धूर तर नव्हताच. स्पिरिट संपलें असें समजून मीं शेजारची लिटरची बाटली उचलली आणि विहिरींत धार धरली. स्पिरिटाची ज्योत फिकट निळी. कडक उन्हांत ती डोळ्यांस दिसत नाहीं. ती विझलेली नव्हती. धारेवरून ती बाटलीपर्यंत चढली, माझ्या हातांतून बाटली सुटली आणि जळतें स्पिरिट फरशीवरून मुलीच्या पायांकडे धांवलें. तिच्या परकराच्या कांठानें पेट घेतला. तुळशीजवळ धुणें वाळत घालणाऱ्या माझ्या पत्नीनें हातांतली ओली चादर तशीच मुलीवर टाकली आणि तिला खालीं दाबलें. एवढें होईपर्यंत मी "अग, अग" याखेरीज कांहीं केलें नाहीं.

भाजलेल्या जागीं कोणी हळद आणली, कोणी शाई. धाकट्या सुनेनें तें सर्व बाजूस सारून मुलीचा पाय आणि माझा हात नळाच्या वाहत्या पाण्याखालीं घड्याळ लावून वीस मिनिटें धरविला व मग दवाखान्यांत नेलें. तिनें केलें तेंच योग्य होतें. मुलीच्या पोटरीवर रुपयाएवढा डाग राहिला आहे. त्या संध्याकाळीं तिच्या आईसमोर बसून जेवणें मला जड गेलें. ती मला एका शब्दानें बोलली नाहीं. आणि एकत्र कुटुंबांत न बोललेले शब्दच फार दिवस टिकतात.

चूल माळ्यावर गेली ती वर्षभर. ती खालीं आणविली त्या मुलीनेंच. तिचें म्हणणें असें कीं, चूक चुलीची नव्हती, बाटलीची होती. मीं विचार केला, तेव्हां तिचें म्हणणें मला शब्दशः खरें वाटलें. लिटरभर स्पिरिट जळत्या वस्तूजवळ आणावयाचें कारणच काय? तेव्हांपासून मोठी बाटली फडताळाबाहेर येत नाहीं. होमिओपॅथीच्या औषधाच्या असतात तशा लहान बाटल्यांत, खोकल्याच्या औषधाबरोबरच्या मापानें मोजून, प्रत्येकींत २५ मिलिलिटर भरावयाचे. एका विस्तवास एक बाटली. ती ओतून, बूच लावून दूर ठेवल्याशिवाय काडी ओढावयाची नाहीं. बाटल्यांवर लाल कागद चिकटवावा, आणि पाण्याच्या बाटलींत तर स्पिरिट कधींच भरूं नये. बाजारी स्पिरिटांत मिथिल मद्यार्क मिसळलेला असूं शकतो, आणि त्याचे थोडे घोट डोळ्यांची दृष्टि किंवा प्राणही घेऊं शकतात.

दुसरी सुधारणा म्हणजे विझवणीचा डबा. चुलीहून उंच व रुंद असा पत्र्याचा कोणताही डबा चालतो. जेवण झालें, न झालें, ज्योत दिसो वा न दिसो, तो चुलीवर उपडा घालावयाचा आणि पांच मिनिटें काढावयाचा नाहीं. हवा तुटली कीं ज्योत मरते. नंतर चिमट्यांत धरलेली वाळल्या गवताची काडी विहिरीवर न्यावी. ती पेटली नाहीं तर चूल विझली. ज्योत मुलांस दाखवावयाची असेल तर स्पिरिटांत चिमूटभर मीठ टाकावें. मिठांतील सोडियममुळें ती पिवळी होते. मात्र मिठानें अल्युमिनियम खाल्लें जातें, म्हणून हा प्रयोग जुन्या चुलीवरच करावा.

राहिला स्वयंपाकाचा संच. पातेलें उभट नको, पसरट हवें. झांकणाचा पाऊण लिटरचा स्टीलचा डबा उत्तम. त्यास आधार म्हणून जाळीचें कडें करावें. जाळीस जस्ताचा मुलामा नसावा, कारण तापल्यावर त्याचा धूर अपायकारक असतो. चुलीचें तोंड आणि डब्याचें बूड यांत अडीच सेंटिमीटर अंतर असावें. कमी झालें तर ज्योत गुदमरते, जास्त झालें तर उष्णता वाऱ्यावर जाते. भोंवतीं तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी, बोटभर अंतर ठेवून, खालच्या कांठाला भोंकें पाडून उभी करावी. या पट्टीचें महत्त्व मला गच्चीवर कळलें. पट्टी व झांकण असतां २५ मिलिलिटर स्पिरिटांत अर्धा लिटर पाणी आठ मिनिटांत उकळलें. दोन्ही काढलीं तेव्हां ४० मिलिलिटर जळूनही नुसतें कढत झालें. सर्व वस्तु एकमेकींच्या पोटांत बसतात आणि सांडशीसह संच अर्धा किलोच्या आंत राहतो.

काय शिजवावें? तुरीच्या डाळीचा हट्ट धरूं नये. चौदाशें मीटरांवर पाणी ९५ अंशांच्या सुमारासच उकळूं लागतें आणि तूर कंटाळा आणते. अर्धा तास भिजविलेले तांदूळ व मुगाची डाळ, हळद, मीठ, घरून आणलेली फोडणी. तीन-चार मिनिटें उकळी आली कीं डबा झांकणासकट कांबळ्यांत गुंडाळून वीस मिनिटें ठेवावा. खिचडी आपोआप होते. भाजलेला रवा, पोहे, मेतकूट यांना तर केवळ गरम पाणी पुरे. हें सर्व उघड्यावर, सपाट खडकावर, गवत दूर करून. तंबूच्या आंत कदापि नाहीं, कारण कोंडलेल्या हवेंत साचणारा विषारी वायूही धुरासारखा दिसत नाहीं. वनरक्षकास विचारावें, आणि तो नको म्हणाला तर चूल पिशवींतच राहूं द्यावी. स्पिरिटावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे निर्बंध आहेत, म्हणून परवानाधारक दुकानांतूनच तें घ्यावें. आगगाडींत असे ज्वालाग्राही पदार्थ नेणें गुन्हा आहे. नातवाची मंडळी मोटारीनें जातात.

गेल्या कार्तिकांत ती मुलगीही प्रथमच त्यांच्याबरोबर गेली. तिच्या आईनें परवानगी दिली, पण विझवणीचा डबा मुलीच्याच पिशवींत राहील या अटीवर. सहा बाटल्या दिल्या होत्या. परत आल्यावर तिनें त्या ओसरीवर ओळीनें मांडल्या. चार रिकाम्या, दोन भरलेल्या. विझवणीच्या डब्याला एका बाजूस पोंचा आला होता. तो कसा आला हें तिनें सांगितलें नाहीं, मीं विचारलेंही नाहीं. हातोडी घेऊन तो सरळ केला आणि फडताळांत ठेवला.