निधनवार्तेत न मावणारी आजी

वऱ्हाडातल्या कुठल्याही दैनिकाचं आतलं पान उघडा, निधनवार्तांचा एक कोपरा सापडतोच. आजीबाईंची बातमी असली की ती चार ओळींत आटोपते. वय, गाव, स्वभाव धार्मिक आणि मनमिळाऊ, मागे मुलं, सुना, मुली, जावई, नातवंडं, पतवंडं असा मोठा आप्तपरिवार. अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता निघणार, हे मात्र ठळक अक्षरांत. आजोबांच्या बातमीत निदान सेवा सहकारी सोसायटीचं संचालकपद असतं, 'प्रगतशील शेतकरी' तरी असतं. आजीच्या वाट्याला फक्त नाती येतात.

वरूडच्या बाबतीत ही कंजुषी जास्तच खटकते. 1938-40 च्या सुमारास जन्मलेली इथली एखादी आजी घ्या. ती जन्मली तेव्हा वरूड मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. 1950 मध्ये ते मध्य प्रदेशात आलं, 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. उंबरठा न ओलांडता बाईंनी चार राज्यं पाहिली. माहेर पांढुर्णा किंवा मुलताईकडचं असेल तर आणखी गंमत. लग्न झालं तेव्हा सासर-माहेर एकाच राज्यात होतं, पुढे भाऊबीजेला जायचं म्हणजे परराज्यात जायचं झालं. ज्या वर्धेच्या खोऱ्यात ती नांदली, ती नदीही मुलताईच्याच मुलखातून निघते. पांढुर्ण्याचा 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, पण आजीच्या लेखी ते अजून 'माहेर'च.

वरूडच्या संत्र्याचंही तसंच. जंभेरीच्या खुंटावर बांधलेली कलमं, आंबिया बहार की मृग बहार हा दर वर्षीचा घोर, बहार धरण्यासाठी झाडांना दिलेला ताण, कोळशीनं काळे पडलेले बगीचे, दर पिढीला खोल जाणारं विहिरीचं पाणी. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या फायलीत हवामान आणि माती आहे. मजुरांच्या भाकरी थापून दुपारी स्वतः बगीच्यात उतरणारी बाई अशा फायलीत कुठून येणार?

एका वऱ्हाडी आजीला मात्र इतिहासात जागा मिळाली आहे. तीही नातवामुळे. संत गुलाबराव महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 ला अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचा, म्हणजे आजोळचा. घराणं माधानच्या मोहोडांचं. वर्षाचं व्हायच्या आतच मुलाची दृष्टी गेली. चार वर्षांचा असताना आई अलोकाबाई वारली. मग हे आंधळं, पोरकं लेकरू आईच्या आईनं लोणी टाकळीला वाढवलं, सुमारे सहा वर्षं. रात्री नातू अंथरुणात नाही म्हणून आजी पाहायला उठली आणि तो ध्यान लावून निश्चल बसलेला दिसला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत येते. पुढे याच मुलानं इतरांकडून ग्रंथ वाचून घेत वेदान्तापासून भक्तिशास्त्रापर्यंत मजल मारली, शंभराहून अधिक ग्रंथ रचले आणि स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवलं. 20 सप्टेंबर 1915 ला पुण्यात देह ठेवला तेव्हा वय अवघं 34.

गुलाबराव महाराजांच्या मधुराद्वैत या तत्त्वविचारावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण त्या सहा वर्षांचा विचार करून पाहा. 1885 नंतरचं खेडं. डोळे नसलेलं चार वर्षांचं पोर, चूल उघडी, विहिरीला कठडा असेल-नसेल, गोठ्यात जनावरं. लेक गेल्याचं दुःख गिळून त्या बाईनं या मुलाला अंगण, ओसरी आणि देऊळ कसं ओळखायला शिकवलं असेल? पोथीची पहिली ओळ त्याच्या कानावर कोणी घातली? चरित्रकारांना चमत्कारांचं कुतूहल जास्त. ती सहा वर्षं एक-दोन परिच्छेदांत उरकली जातात, हे आपलं नुकसान आहे.

गाडगेबाबांचीही जडणघडण आजोळचीच. 23 फेब्रुवारी 1876 ला शेंडगावात जन्मलेल्या डेबूचा बाप दारूनं गेला. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. ही गोष्ट सांगताना आपल्या तोंडी आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान ही नावं सहज येतात. माघारी आलेल्या लेकीला आणि नातवाला रोज जेवू घालणाऱ्या हातांची आठवण सहसा कुणी काढत नाही.

ज्यांच्या घरात लिहिणारं कुणी होतं, त्या बायका वाचल्या. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. मुलगा सोपानदेवांनी ओव्या जपल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं आणि बहिणाबाई गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी तर घरोघरच्या आज्यांकडे मोर्चा वळवला. हजाराहून अधिक गावांतून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'परी' या संकेतस्थळानं 2017 पासून त्या लोकांपुढे आणल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. हा शिरस्ता फार मोलाचा आहे.

कारण नावाचाच घोळ आहे. कित्येक मराठी घरांत लग्नात नवरीचं नाव बदललं जाई, त्यामुळे आजीला दोन नावं. माहेरचं नाव ज्यांना ठाऊक होतं ते भाऊ-बहिणी गेले की ते नावही गेलं. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, पण पणजीचं नाव विचारलं की यजमान काकूकडे आणि काकू आत्याकडे बघते. सातबाऱ्यावर ती क्वचितच. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये महिला सुमारे 14 टक्के होत्या. बायकोच्या नावे जमीन करा, असं सांगत शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, तिचा वऱ्हाडातही गाजावाजा झाला. तेव्हा ज्यांनी हिंमत केली, त्यांच्या घरची आजी आज कागदावर तरी आहे. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावणं राज्यानं बंधनकारक केलं. म्हणजे आजच्या बाळांच्या नातवंडांना हा प्रश्न जरा कमी पडेल. आपल्याला मात्र तो आत्ताच सोडवावा लागणार.

अक्षय्य तृतीयेला वऱ्हाडात पितरांसाठी पाण्यानं भरलेला करा मांडतात. आंब्याचा रस, कुरड्या, चिंचवणी असं पान वाढतात. आजी गेली असेल तर तिच्या आवडीचा पदार्थ आवर्जून होतो. पण सरगुंडे काडीवर वळताना पीठ किती घट्ट हवं, हे तिला विचारायचं राहूनच गेलेलं असतं. मग रेडिमेड आणले जातात आणि जेवताना सगळे म्हणतात, आजीच्या हातची सर नाही.

तिला बोलतं करणं सोपं नसतं, हेही खरं. "माह्यं काय सांगू बाप्पा, तुह्या आज्याले इचार!" असं म्हणून ती विषय झटकते. आयुष्याबद्दल एकदम विचारलंत तर गप्पच बसेल. त्यापेक्षा विहीर कधी खणली, पहिलं कलम कोणी लावलं, बाळंतपणाला माहेरी बैलगाडीनं गेलीस की एसटीनं, असं विचारा. अशा प्रश्नांवर ती तासभर बोलते आणि फोनवर ते ध्वनिमुद्रित करायला काही खर्च येत नाही.

तुमच्या घरी आजी असेल तर या दिवाळीत एवढं करा. तिचं माहेरचं नाव, आडनाव, गाव आणि तिच्या आईचं नाव कागदावर लिहून घ्या. जुन्या फोटोंच्या मागे माणसांची नावं पेन्सिलीनं टाका. आणि सातबारा काढून त्यावर ती आहे का, ते एकदा बघा.