गढी जगते कशावर?

घणसोली गावात जुनी कौलारू घरे आता शोधावी लागतात. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली भातशेती संपादनात गेली आणि आगरी कुटुंबांच्या हाती कमावणारी वस्तू उरली ती गावठाणातली घराची जागा. ओटी-पडवीचे घर पाडून तिथे मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. याला वारशाची बेपर्वाई म्हणणे सोपे आहे. पण भाडेकरू पैसे मोजतो खोलीचे, कौलांचे कोणी देत नाही. खुद्द जुनेपणाचे पैसे देणारे गिऱ्हाईक मिळाले, तरच जुने घर आपल्या बळावर उभे राहते. असे गिऱ्हाईक गाठलेली एक वास्तू सासवडजवळ जाधववाडीत आहे.

पिलाजी जाधवराव हे शाहू महाराजांच्या काळातले मातब्बर सरदार. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमांतही त्यांचे नाव येते. त्यांची ही गढी १७१० ची मानली जाते. २००७ मध्ये हॉटेल व्यावसायिक विठ्ठल कामत यांनी तिथे ‘फोर्ट जाधवगढ’ सुरू केले. दारात तुतारी वाजते, स्वागताला फेटेवाले असतात आणि आवारात कामतांनी उभारलेले ‘आई’ नावाचे संग्रहालय आहे.

यावर पहिला आक्षेप पावित्र्याचा. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले काही किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली, तेव्हा एवढा संताप उसळला की संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. तो संताप रास्तच होता. रायगड-राजगडाच्या जागी खोल्यांचे दरपत्रक कोणाला सोसेल? गढीचे तसे नाही. ती सरदाराची राहती जागा. तट-बुरूज बाहेरून, आत मात्र संसार, कोठारे, पागा आणि मुदपाकखाना. तिथे पाहुणे उतरत आणि पंगती उठत. हा सारा डोलारा जहागिरी-वतनांच्या महसुलावर चाले. स्वातंत्र्यानंतर वतने कायद्याने रद्द झाली आणि गढ्यांचे उत्पन्नच आटले. गावोगाव तट खचले, आतली पांढरी माती गाड्या भरभरून शेतांत गेली. खुद्द सासवडमध्ये सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्याचे भक्कम बुरूज दिसतात, पण आतले वैभव ओसरले आहे. पाहुण्यांचे भाडे हा मला या वास्तूंचा नवा महसूल वाटतो, आणि त्यात बाटण्यासारखे काही दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हॉटेल इतिहासाचे नाटक करते. अठराव्या शतकातल्या सरदाराच्या अंगणात पोहण्याचा तलाव नव्हता, हे सांगायला इतिहाससंशोधक लागत नाही. मान्य. तरी तलाव उद्या बुजवता येतो, तुतारी थांबवता येते. कोसळलेला तट पुन्हा रचला, तर तो नवा तट होतो. खरी अडचण वेगळीच आहे. पाहुण्याला जे दिसते तेच हॉटेलवाला जपतो. दर्शनी दरवाजा चकाचक राहील, पण पायात मुरणारे पाणी, चुन्याच्या दर्जांवर लिंपलेले सिमेंट याबद्दल कोण विचारणार? म्हणून राखणदारी गिऱ्हाइकाच्या आवडीवर सोडता येत नाही. इंग्लंडमध्ये क्लाइव्हडेन हा बडा वाडा १९४२ पासून नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा आहे. १९८० च्या दशकापासून तिथे भाडेपट्ट्यावर हॉटेल चालते आणि बागा लोकांसाठी खुल्या असतात. स्पेनमध्ये तर १९२८ पासून सरकारच ‘पॅरादोर’ नावाची हॉटेले चालवत आले आहे, आणि त्यांतली बरीच जुन्या किल्ल्यांत आणि मठांत आहेत. मालकी एकाकडे, धंदा दुसऱ्याकडे आणि दुरुस्तीच्या अटी कागदावर, ही क्लाइव्हडेनसारखी मांडणी आपल्याकडेही अशक्य नाही.

घोडे अडते ते भाऊबंदकीत. एकेका गढीच्या उताऱ्यावर चार-पाच पिढ्यांच्या वारसांची नावे चढलेली असतात. कोणी पुण्यात, कोणी परदेशात, दोघे कोर्टात. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय भाडेपट्टा होत नाही, आणि भाडेपट्टा झाल्याशिवाय तिथे पैसा ओतायला कुठलाही हॉटेलवाला धजत नाही. तोवर दर पावसाळ्यात बुरुजाचे आणखी दोन-चार दगड सुटतात.