दोन हजारांत उन्हाळा

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या सुती साड्यांचं बोचकं बांधून ठेवलं असेल, तर ते बोहारणीला देण्याआधी थोडं थांबा. तुमचे पुढच्या मे महिन्याचे कपडे त्या बोचक्यात असण्याची दाट शक्यता आहे. फराळाच्या दिवसांत उन्हाळी कुर्त्यांचा विषय अवेळी वाटेल. पण नागपुरात एकटीच्या पगारावर मुलगी वाढवताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. उन्हाळ्याचे कपडे उन्हाळ्यात घ्यायला निघालं, की पैसे पुरत नाहीत. एप्रिलमध्ये शिंपी लग्नाच्या ब्लाउजांत बुडालेले असतात आणि समोर शाळेचं नवं वर्ष उभं असतं. फी, गणवेश, बूट, वह्या, रेनकोट. घरात कमावणारी एकच असली की या यादीत आईच्या कुर्त्याचा नंबर शेवटी लागतो, आणि तिथवर पोचेपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं. मग गेल्या वर्षीचे विटके दोन कुर्ते आलटूनपालटून घालत तिचा उन्हाळा निघतो.

थोडा इतिहास सांगायलाच हवा, तो भरभर सांगते. विदर्भ हा कापसाचा मुलूख. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजी अमदानीतही मोठं होतं. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे सेवाग्राममुळे वर्ध्याचं नाव खादीशी जोडलं गेलं. मिलचे भोंगे आता थांबले. आज आमच्या बाजारात येणारं कापड बरंचसं इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरचं आणि जेतपूरकडच्या छपाईचं असतं. इतकं पुरे, कारण मला बोलायचं आहे ते कापडाबद्दल.

स्वस्तात कपडे घ्यायचे म्हटलं की बहुतेक जणी सेलमध्ये शिरतात. तिथे तीनशेला मिळणारा कुर्ता निम्म्याहून अधिक वेळा पॉलिएस्टरचा निघतो, असा माझा अनुभव आहे. कोरडा कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवेतून सहज धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. ४५ अंशांच्या दुपारी स्कूटरवर बसलेल्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. घाम सुती कापडात शिरतो, पसरतो, वाळतो आणि वाळताना अंगाला गारवा देतो. पॉलिएस्टरखाली तो पाठीवरून ओघळत राहतो, मग घामोळं येतं, मग पावडर आणि मलमांचा खर्च. तो तीनशेचा कुर्ता तीनशेत पडत नाही.

रंगाचं मात्र आपण थोडं जास्तच मनावर घेतो. उन्हाळ्यात पांढरंच घालावं, असं सगळे सांगतात. पण वाळवंटातले बेदुइन लोक काळे पायघोळ झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’मध्ये छापून आला होता. काळा झगा जास्त ऊन शोषतो खरा, पण तो सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते, असं त्यात दिसलं. म्हणून मी म्हणते, रंग आवडेल तो घ्या, पण कपडा ढगळ हवा आणि बगलेत तर नक्कीच सैल हवा.

आता माझा लाडका विषय, कटपीस. नागपुरात गांधीबाग ही ठोक कापडाची पेठ. तागा संपत आला की शेवटी दोन-अडीच मीटर उरतात. त्यात ना धड साडी होते ना मोठ्या मापाचा पंजाबी ड्रेस, म्हणून दुकानदार ते बाजूला टाकतो. छपाईची एखादी रेघ सरकलेला, काठाजवळ तेलाचा डाग पडलेला तुकडाही त्याच ढिगात येतो. एका कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड भरपूर होतं आणि काठाजवळचा डाग तर शिलाईतच जातो. हा ढीग उपसायला वेळ हवा आणि हाताला कापडाची ओळख हवी. वेळ सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. ओळख कशी करायची, ते सांगते.

कापड दोन्ही हातांत धरून एकमेकांवर चोळा. पांढरी भुकटी झडली तर ते खळ भरून जाड केलेलं आहे. पहिल्या धुण्यात त्याची जाळी होणार. मग उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. घरी आणल्यावर काठाचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि मोरीत पेटवून पाहा. सुताचा वास जळलेल्या कागदासारखा येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा काळा टणक मणी होतो.

सुताच्या नंबराचा हिशेब तर मला फार आवडतो. ८४० यार्डांची एक लडी. एक पौंड कापसातून अशा ४० लड्या निघाल्या तर ४० नंबरचं सूत, ६० निघाल्या तर ६० नंबरचं. म्हणजे ६० नंबरला एका पौंडातून जवळजवळ ४६ किलोमीटर धागा होतो. पॉपलीन साधारण ४० नंबरचं, केंब्रिक ६० नंबरचं आणि मलमल त्याहून बारीक. ब्लाउजसाठी आपण जे टू बाय टू रुबिया मागतो, त्यात उभे आणि आडवे दोन्ही धागे दुपदरी पिळाचे असतात. म्हणून ते पातळ असूनही वर्षानुवर्षं टिकतं. रोजच्या ऑफिसला केंब्रिकसारखं कापड नाही. मलमल सुखाचं, पण त्याला अस्तर लागतं आणि अस्तर म्हणजे वाढीव शिलाई. बजेट तंग असेल तर मलमलचा फक्त दुपट्टा घ्यावा.

आणि साडीचा कुर्ता! जुन्या सुती साडीला जो मऊपणा आलेला असतो, तो नव्या कापडात विकत मिळत नाही. पण प्रत्येक साडी कापण्याजोगी नसते. खिडकीशी उभं राहून ती हातभर हातभर सरकवत पाहायची. बसण्याच्या जागी आणि टाचेशी घासणाऱ्या काठावर ती आधी विरते. कमरेत खोचलेला भाग आणि पदर मात्र बहुधा ठणठणीत असतो. संशयाच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. फाटली तर तेवढा भाग अस्तराला, फडक्यांना किंवा गोधडीला.

आमचे शिंपीकाका साडी जमिनीवर पसरतात आणि कुर्त्याची उंची साडीच्या पन्ह्यात बसवतात. ४५ इंचांचा पन्हा म्हणजे गुडघ्याखाली जाणारा कुर्ता, आणि साडीचा काठ आपसूक घेरावर येतो. वेगळी लेस नको, पट्टी नको. पुढचा-मागचा भाग आणि बाह्या मिळून दोन-सव्वादोन मीटर जातात. साडी साडेपाच मीटरची. म्हणजे दोन कुर्ते, आणि उरलेल्यात लहान मुलीची एखादी झबल्यावजा बंडी. पदराचं कापड काका पाठीवर घेतात, योकसारखं. एकदा मी नवं कटपीस तसंच कापायला दिलं, तर त्यांनी घडी परत माझ्या हातात ठेवली. “ताई, रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, मग आणा. नंतर आटलं तर मलेच बोल लावसान न!” ते बरोबरच होतं. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. साडी मात्र आटून-धुवून तयार असते, हाही तिचा फायदा.

नऊवारी असेल तर चांदीच. सव्वाआठ मीटर कापड! आई, मावशी, काकू यांच्याकडे अशा साड्या ट्रंकांत पडून असतात. मागायला लाजू नका. एकटीनं संसार ओढणाऱ्या बाईला कोणाचं उपकाराचं ओझं नको असतं, ते मी जाणते. पण कापून, शिवून, रोज अंगावर वागवलेली साडी पाहून देणारीला जे समाधान मिळतं, त्यात उपकार कुठे येतो?

इथे थोडं वेगळं बोलते. “आता एवढं नटायचं कोणासाठी?” हा प्रश्न विधवा, घटस्फोटित, टाकलेली, सगळ्याच बायकांना कधी ना कधी ऐकावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या कुंकू-बांगड्या उतरवण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही तो इतर गावांसमोर ठेवला. त्या ठरावाचं मला मोल वाटतं. काटकसर म्हणजे फिका रंग, हे समीकरण कोणी केलं? कटपीसच्या ढिगात केशरी आणि राणी रंग त्याच भावात मिळतात.

विदर्भातली आणखी एक गरज म्हणजे सनकोट. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, हातमोज्यांसह. बाजारात ते बरेचदा टेरिकॉटचे मिळतात आणि आत भट्टी होते. पांढऱ्या पॉपलीनचा शिवून घ्या. बाही पंज्यावर उतरेल इतकी लांब ठेवली तर हातमोजे वेगळे लागत नाहीत. नवतपात, ऊन डोक्यावर आग ओकत असताना, याच्याइतका उपयोगी कपडा दुसरा नाही.

माझा गेल्या उन्हाळ्याचा हिशेब असा होता. आईच्या एका साडीचे दोन कुर्ते, शिलाई ७०० रुपये. कटपीसचं छापील केंब्रिक ३०० आणि त्याची शिलाई ३५०. पांढरी सुती सलवार, कापड आणि शिलाई मिळून ४००. मलमलचा दुपट्टा २००. बटणं, दोरे, नाडी ५०. एकूण २,००० रुपये. सनकोट आदल्या वर्षीचाच होता. तीन नवे कुर्ते आणि जुने दोन, एवढ्यात आठवडा आरामात निघतो. मुलीच्या फ्रॉकला मात्र कमरेत आणि घेराला दोन-दोन बोटं माया ठेवायला सांगते. ती उसवली की तोच फ्रॉक पुढच्या वर्षीही होतो.

धुण्याचं एकच सांगते. रंगीत कुर्ते उलटे करून सावलीत वाळवा. आमच्याकडच्या उन्हात सुती कपडा सावलीतही तासाभरात वाळतो आणि रंग टिकतो.

एवढं वाचून मन झालं असेल, तर पौष महिना धरा, म्हणजे साधारण जानेवारी. पौषात लग्नं नसतात, शिंप्याला श्वास घ्यायला फुरसत असते आणि तो तुमचं नीट ऐकूनही घेतो. साडी आताच बाजूला काढा, कटपीस डिसेंबरात आणून भिजवून ठेवा आणि संक्रांतीच्या आत माप देऊन या.